गुप्तहेरांना विचारणार कोण?

चाकण एमआयडीसीत कारखाना चालवायचा तर कारखान्यांसाठीचा कायदा पाळावाच लागतो. आपली महापालिकाही १९४९च्या कायद्याने चालते. मग सांगा बरं, देशाची गुप्तचर यंत्रणा 'आयबी' कोणत्या कायद्यावर उभी आहे? डोकं खाजवू नका. तिचे अधिकार ठरवणारा कायदाच संसदेने केलेला नाही!

आयबीचा जन्म १८८७चा, म्हणजे थेट इंग्रजांच्या राजवटीतला. १९६८ मध्ये परदेशातली हेरगिरी तिच्याकडून काढून 'रॉ'कडे दिली गेली. तेव्हा केंद्रीय गृहमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. पण रॉसुद्धा सरकारी आदेशानेच सुरू झाली. गंमत म्हणजे १९८५ मध्ये गुप्तचर संस्थांसाठी खास कायदा झाला, तो मुख्यतः त्यांच्या कर्मचाऱ्यांना युनियन काढता येऊ नये म्हणून!

फोन टॅपिंगला मात्र कायदा आहे. आधी १८८५चा टेलिग्राफ कायदा होता, आता २०२३चा दूरसंचार कायदा आला. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं, की गृहसचिवांचा आदेश हवा आणि त्याची तपासणी समितीने करावी. पण या समितीत सगळे सरकारी सचिवच. न्यायाधीश नाही, आमदार-खासदारही नाही. आदेश देणारं सरकार आणि तपासणारंही सरकारच.

यात काय बिघडू शकतं? जुलै २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला, की २०१६-१७ मध्ये 'अमजद खान' या खोट्या नावाने आपला फोन टॅप झाला. पुण्याच्या तत्कालीन पोलीस आयुक्तांवर २०२२ मध्ये गुन्हा नोंदवला गेला, २०२३ मध्ये हायकोर्टाने तो रद्द केला. पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र आयुक्तालय मिळालं ऑगस्ट २०१८ मध्ये. म्हणजे त्या काळात आपलं शहरही पुणे आयुक्तालयाच्याच हद्दीत होतं. आरोप खरा की खोटा, हा वाद बाजूला ठेवू. पण तो थेट सभागृहात करावा लागला, कारण चौकशीसाठी आधीपासून स्वतंत्र जागाच नव्हती.

'गुपितं फुटतील' ही भीती रास्त आहे. ब्रिटनने त्यावर वाट काढली. तिथे एमआय-५ साठी १९८९ मध्ये आणि एमआय-६ साठी १९९४ मध्ये कायदा झाला. निवडक खासदारांची समिती बंद दाराआड जाब विचारते. आपल्याकडे २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी असंच खासगी विधेयक मांडलं, पण ते मंजूर झालं नाही.

देशाला हेर हवेतच. पण त्यांचा वापर विरोधकांवर, पत्रकारांवर किंवा उद्या एखाद्या विद्यार्थी संघटनेवर झाला, तर विचारायचं कुणी? मावळ आणि शिरूरचे उमेदवार पुढच्या वेळी मतं मागायला येतील, तेव्हा चाकणच्या ट्रॅफिकसोबत हाही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा.