सायकल कोणी शोधून काढली?

वाहनांचा पाठ चालू असताना ‘सायकल कोणी शोधून काढली?’ हा प्रश्न वर्गातून हमखास येतो, आणि एक नाव सांगून मोकळे होण्याचा मोह शिक्षकांस आवरत नाही. एका यंत्रामागे एक संशोधक, अशी मुलांच्या पाठांतराची घडी बसलेली असते. सायकलीच्या बाबतीत मात्र एकच नाव सांगणे म्हणजे मुलांना चुकीचे सांगणे होय. आज शाळेच्या भिंतीला टेकून उभी असणारी सायकल जर्मनी, फ्रान्स व ब्रिटन या देशांत, सुमारे सत्तर वर्षांच्या अवधीत, लोहार, गाडी बनविणारे, शिवणयंत्रांचे कारागीर आणि एक पशुवैद्य अशा अनेकांच्या हातून घडत गेली.

आरंभी काही दंतकथा दूर सारावयास हव्यात. फ्रान्समधील सिव्राक नामक उमरावाने 1790 च्या सुमारास लाकडी दुचाकी तयार केली, असे कित्येक जुन्या पुस्तकांत छापलेले आढळते. ही हकीकत बोद्री द सोनिये या फ्रेंच लेखकाने 1891 मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनंतर, प्रसिद्ध केली; तिला त्या काळातील पुरावा नाही. लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत सापडलेले सायकलीचे चित्रही त्याच्या वेळचे नसून मागाहून कोणी काढलेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्कॉटलंडमधील कर्कपॅट्रिक मॅकमिलन या लोहाराने 1839 मध्ये पायाने चालविण्याची दुचाकी केली, ही गोष्ट ‘असे म्हणतात’ एवढ्याच शब्दांत सांगावी. कारण तो दावा त्याच्या नातलगाने अर्ध्या शतकानंतर पुढे आणला.

निश्चित पुराव्याने सांगता येणारा आरंभ 12 जून 1817 चा आहे. त्या दिवशी बाडेन संस्थानातील वनाधिकारी कार्ल फॉन ड्राइस याने मानहाइम शहराबाहेर आपल्या लाकडी दुचाकीवरून फेरी मारली व जाऊन-येऊन तेरा-चौदा किलोमीटरचे अंतर तासाच्या आत कापले. या वाहनास पायडल नव्हते. स्वार बैठकीवर बसे आणि आळीपाळीने दोन्ही पायांनी जमीन मागे रेटी. 1815 मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, पुढील वर्षी युरोपात पिके बुडाली, दाणावैरण महाग झाल्याने घोडे पोसणे जड गेले आणि त्यातूनच ड्राइसला ही कल्पना सुचली, असे काही इतिहासकार म्हणतात. तर्क मनोवेधक आहे, परंतु तो तर्कच समजावा.

ड्राइसचे खरे श्रेय निराळे आहे. एकामागे एक अशा दोन चाकांवरही माणूस तोल सांभाळू शकतो, हे त्याने दाखवून दिले. गाडी ज्या बाजूस कलते त्याच बाजूस पुढचे चाक किंचित वळविले की चाके पुन्हा स्वाराच्या भाराखाली येतात. सायकल शिकणारे मूल नेमके हेच शिकत असते. मात्र सुरुवातीला ते भीतीने हँडल उलट दिशेस फिरविते आणि पडते.

ही गाडी काही काळ शौकिनांत गाजली. पादचाऱ्यांना उपद्रव होऊ लागल्याने अनेक शहरांत पदपथांवर तिला मज्जाव झाला आणि ती मागे पडली. जमिनीवरून दोन्ही पाय उचलण्याचे धाडस रूढ होण्यास पुढे चाळीसहून अधिक वर्षे लागली. 1860 नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसाला पायडले बसविण्यात आली. हे प्रथम पिएर मिशो याने केले की पिएर लालमाँ याने, हा वाद अद्याप मिटलेला नाही. लालमाँने अमेरिकेत जाऊन 20 नोव्हेंबर 1866 रोजी पेटंट मिळविले, एवढे मात्र नोंदलेले आहे. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव आणि खाली दगडी रस्ता. इंग्रजांनी या गाडीचे नावच ‘हाडे खिळखिळी करणारी’ असे ठेवले. तरीही 7 नोव्हेंबर 1869 रोजी पॅरिस ते रुआँ अशी सुमारे 123 किलोमीटरची शर्यत झाली, तीत जेम्स मूर पहिला आला आणि काही स्त्रियांनीही भाग घेतला.

येथून पुढचा इतिहास गणिताचा आहे, आणि वर्गात तो गणित म्हणूनच शिकविता येईल. पायडल पुढच्या चाकालाच जोडलेले असल्याने पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाकाचा व्यास 90 सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात गाडी सुमारे 2.8 मीटर पुढे जाते. व्यास 150 सेंटिमीटर केला तर सुमारे 4.7 मीटर. वेग हवा तर चाक मोठे हवे. पण एवढे मोठे चाक बैलगाडीच्या चाकासारखे लाकडाचे केले तर त्याचे ओझे कोण ढकलणार? पॅरिसचा युजीन मेयर आणि इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली यांनी यावर तारांच्या चाकाचा उपाय केला. लाकडी आरा दाब सोसतो. तार दाबाखाली वाकते, परंतु ताण उत्तम सोसते. म्हणून तुंब्यापासून धावेपर्यंत सर्व तारा आधीच घट्ट ताणून बसविल्या, आणि हलके परंतु बळकट चाक तयार झाले. स्टार्ली मूळचा शिवणयंत्रे बनविणारा. बारीक धातुकामाची ती सवय येथे कामी आली. 1874 मध्ये त्याने तारा तुंब्याला तिरप्या जोडण्याची रीत काढली. आजही बहुतेक सायकलींच्या तारा तशाच असतात.

पुढे भले मोठे व मागे लहानसे चाक असलेली ही उंच सायकल वेगवान होती, पण घातक. स्वार जवळजवळ पुढच्या चाकाच्या माथ्यावर बसत असल्याने एखादा दगड आडवा आला की तो डोक्यावर आपटे. स्त्रिया आणि प्रौढ मंडळी तीनचाकीकडे वळली ती यामुळेच. तीनचाकीस आज पोरखेळ समजतात; त्या वेळी ती प्रतिष्ठितांचे वाहन होती, आणि 1881 मध्ये व्हिक्टोरिया राणीने स्टार्लीची तीनचाकी विकत घेतली. तीनचाकीपुढे तोलाचा प्रश्न नव्हता, वळणाचा होता. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर जावे लागते. दोन्ही चाके एकाच आसाला पक्की जखडलेली असतील तर एक घसटत राहते. स्टार्लीने 1877 मध्ये अशी दातेरी योजना बसविली की आसाला जोर मिळत असतानाही दोन्ही चाके निरनिराळ्या गतीने फिरावीत. तत्सम कल्पना फ्रान्समध्ये पूर्वीच निघाली होती, तथापि ती रस्त्यावर रुळली तीनचाकीमुळे. मोटारगाडीतील ‘डिफरन्शियल’ ते हेच.

साखळीने उंच चाकाची गरजच संपविली. 1885 मध्ये स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल आणली. तिची चाके जवळजवळ सारख्या उंचीची होती आणि जोर साखळीतून मागच्या चाकाला मिळत होता. गावातील कोणत्याही साध्या सायकलीचे दात मुलांकडून मोजून घ्यावेत. पायडलाजवळील चक्राला 44 आणि मागच्या चक्राला 18 दात भरले, तर पायाच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे 2.44 फेरे घेते. चाकाचा व्यास 70 सेंटिमीटर असल्यास ही सायकल 171 सेंटिमीटर व्यासाच्या उंच सायकलीइतकी धावते, आणि स्वाराचे पाय जमिनीजवळच राहतात.

लहान चाकाला धक्के अधिक बसत. त्यावर इलाज सापडला बेलफास्टमध्ये. जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी रबरी नळीत हवा भरून टायर केला आणि 1888 मध्ये पेटंट घेतले. पुढे ते रद्द ठरले; कारण रॉबर्ट टॉमसन याने हीच युक्ती 1845 मध्ये नोंदवून ठेवली होती. टॉमसनच्या काळी सायकलच नव्हती, म्हणून त्याची युक्ती पडून राहिली.

दरम्यान यंत्र बसविण्याचे प्रयत्न चालूच होते. वाफेची दुचाकी 1870 च्या आधीच होऊन गेली होती. 1885 मध्ये जर्मनीतील कानश्टाट येथे डाइम्लर व मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात अर्ध्या अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन बसविले आणि आधारासाठी बाजूंना दोन छोटी चाके लावली. मूळ वाहन 1903 च्या आगीत नष्ट झाले. संग्रहालयांत दिसतात त्या प्रतिकृती. ज्या मानहाइममध्ये ड्राइस धावला होता, तेथेच 1886 मध्ये कार्ल बेंझने आपल्या मोटारीचे पेटंट घेतले. तिला तीनच चाके होती, कारण पुढची दोन चाके एकदम नीट वळविण्याची समाधानकारक योजना त्याच्या हाती नव्हती. तारांची चाके, साखळी आणि डिफरन्शियल हा सारा सरंजाम सायकलींच्या जगात रुळलेलाच होता.

विक्रीसाठी अनेक नगांत तयार झालेली पहिली मोटारसायकल म्युनिकच्या हिल्डेब्रांड व वोल्फम्युलर यांची, सन 1894 ची. जवळजवळ दीड लिटरचे तिचे इंजिन आगगाडीप्रमाणे दांड्यांनी थेट मागचे चाक फिरवी. ती फार काळ टिकली नाही. इंजिन बसवावे कोठे, याबद्दल तेव्हा एकमत नव्हते. पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी 1897 मध्ये ते पुढच्या चाकावर ठेवले. भार उंचावर आल्यामुळे गाडी ओल्या रस्त्यावर घसरे. 1901 मध्ये त्यांनी ते सांगाड्याच्या तळाशी, दोन चाकांच्या मध्ये, जेथे सायकलस्वाराचे पाय फिरतात तेथे आणले, आणि बहुतेक मोटारसायकलींत ते अजून तेथेच आहे.