वैयक्तिक नादारी : अर्जापूर्वीचे दोन प्रश्न

दिवाळखोरी संहिता, २०१६ मधील व्यक्तिविषयक तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरत्या अमलात आल्या. इतर कर्जदारांसाठी मुंबईत १९०९ चा, तर मुंबईबाहेर १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच आधारभूत राहिला.

अर्जापूर्वी घर पत्नीच्या नावे केल्यास ते वाचते, हा समज घातक होय. १९२० च्या अधिनियमातील कलम ५३ नुसार, असे विनामोबदला हस्तांतरण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर नादारी घोषित झाल्यास ते रद्द ठरविता येते. गहाणदार बँकेचा हक्क तर अबाधितच असतो.

अधिक दुर्लक्षित प्रश्न जामीनदाराचा. कलम ४४ अन्वये मुक्ततेचा आदेश ऋणकोला सोडवितो. त्याला जामीन राहिलेल्या भावाला अथवा मेहुण्याला नव्हे. धनको उरलेल्या रकमेसाठी त्याच्याच दारी जाऊ शकतो.