तुडतुडा पितोय की नुसता चाखतोय?

भाद्रपद सरत आला की कर्जत-खालापूरच्या खाचरांत हळवं भात पिवळं पडू लागतं, गरवं अजून हिरवंगार असतं. अशा वेळी एखाद्या खाचराच्या मधोमध गोल, करपलेला चट्टा दिसला, तर बांधावरून पाहून उलगडा होत नाही. आत उतरावं, वाकावं आणि फुटवे दोन हातांनी बाजूला करावेत. पाण्याच्या जरा वर, बुंध्याला बिलगून तपकिरी तुडतुडे बसलेले दिसतात. एकेक जेमतेम चार मिलिमीटरचा.

त्यातल्या एकाकडे नीट पाहा. सोंड बुंध्यात खुपसलेली, हालचाल काहीच नाही. काय करतोय तो? रस पितोय? आत शोधाशोध चाललीय? की रोपाने दाद दिली नाही म्हणून उपाशीच बसलाय? कितीही भारी भिंग आणा, बाहेरून तिन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात!

भाताचे नवे वाण घडवणाऱ्यांना मात्र नेमकं हेच कळायला हवं असतं. कर्जतला 1919 पासून भातावर संशोधन चालतं. कर्जत-3 आणि कर्जत-184 ही नावं इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. वाण तुडतुड्याला तोंड देईल का, हे पाहायची जगभरातली रीत तशी सरळ आहे. ट्रेमध्ये रोपं वाढवायची, शेजारी टीएन-1 हा हमखास बळी पडणारा वाण लावायचा आणि तुडतुडे सोडायचे. टीएन-1 करपून मेला की बाकीच्यांना गुण द्यायचे. कोण टिकला ते कळतं. का टिकला ते कळत नाही.

त्याच्या पुढची युक्ती मला फार आवडते. तुडतुडा रस पितो आणि त्यातला बराचसा गोड चिकटा मागून टाकून देतो. मग बुंध्याशी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन लावलेला गाळणकागद ठेवायचा. चिकट्याचा थेंब पडला की तिथे निळा डाग उमटतो. डाग मोजले की कोणी किती प्यायलं याचा अंदाज आला! फक्त आत काय घडलं, ते या कागदालाही सांगता येत नाही.

आत डोकावायची वाट 1964 मध्ये सापडली. कॅलिफोर्नियात मॅक्लीन आणि किन्सी या दोघांनी माव्याच्या पाठीवर बारीक तार चिकटवली, दुसरी तार झाडाला जोडली आणि अगदी क्षीण वीज सोडली. कीटक नुसता चालत असेल तर मंडल तुटलेलं. सोंडेतली सुई झाडात शिरली, की त्याच क्षणी मंडल पूर्ण! खाणाराच विजेची वाट झाला. आज हाच प्रयोग तुडतुड्यावर करतात तेव्हा सोन्याची तार वापरतात, माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. चांदीमिश्रित डिंकाचा एक ठिपका पाठीवर ठेवून ती जोडायची. दुसरं टोक कुंडीतल्या ओल्या मातीत. बाहेरच्या विजेची लुडबुड नको म्हणून भोवती धातूच्या जाळीचा पिंजरा. तारेला बांधलेला तो जीव मग आपला जेवायला लागतो आणि पडद्यावर रेघ धावू लागते.

ही रेघ सपाट नसते, हीच तर गंमत. सुया आत सरकताना एक तऱ्हा, लाळ सोडताना दुसरी, रस ओढताना तिसरी. तुडतुड्याचं काम बोअरवेल खणणाऱ्यासारखं चालतं: खाली कुठे काय आहे ते दिसत नाही, थर लागेल तसं चाचपत जायचं, आणि जाता जाता घट्ट होणाऱ्या लाळेचं केसिंगही बसवत जायचं! सुया काढून घेतल्या तरी ते केसिंग रोपात राहतं. रंग देऊन ते मोजता येतं. न मानवणाऱ्या वाणावर अशा खुणा जास्त सापडतात, म्हणजे भोकंच भोकं पाडली आणि हाती काही लागलं नाही.

1978 मध्ये नेदरलँड्सच्या वाखेनिंगेनमध्ये त्यालिंगी यांनी या यंत्रणेत सुधारणा केली आणि आणखी एक नवल दिसू लागलं. जिवंत पेशीच्या आत बाहेरच्या मानाने ऋण विद्युतदाब असतो. सुईचं टोक पेशीत शिरलं की रेघ खाली उतरते, बाहेर आलं की पुन्हा वर जाते. म्हणजे रोपाची स्वतःची वीज कीटकाच्या तोंडातून मोजली जाते! पेशीत टोचायला इतकी नाजूक सुई प्रयोगशाळेत घडवायची तर हात टेकावे लागतात. इथे ती निसर्गानेच घडवून दिलेली.

पण रेघेतली अमुक लहर म्हणजे रसपानच, हे ठरवायचं कशावरून? लहर चालू असतानाच सुया तोडायच्या, बुंध्याचा पातळ काप घ्यायचा आणि टोक कुठे पोचलंय ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 2009 मध्ये तपकिरी तुडतुड्याच्या लहरींची अशी जुळणी करून दाखवली. त्याही आधी, 1980 मध्ये, जपानमध्ये कावाबे आणि सहकाऱ्यांनी भातावर बसलेल्या कीटकांच्या सुया लेसरने छाटल्या होत्या. कीटक बाजूला झाला, सुयांचे तुकडे बुंध्यात राहिले, आणि त्या तुटक्या टोकांतून रस आपोआप पाझरत राहिला! रसवाहिनीत मुळातच इतका दाब असतो, की योग्य जागा सापडली की पिणाऱ्याला फारसं ओढावंही लागत नाही.

मग रोप स्वतःला वाचवतं कसं? काही वाण रसवाहिनीच्या चाळणीसारख्या भोकांत कॅलोज नावाचा पदार्थ भरून ती बुजवतात. लहरींत ते सरळ दिसतं: तुडतुडा रसवाहिनीपर्यंत पोचतो, लाळ सोडतो, पिण्याची लहर सुरू होते आणि थोड्याच वेळात तुटते. पुन्हा शोध, पुन्हा तेच. बळी पडणाऱ्या वाणात मात्र साचलेलं कॅलोज विरघळतं आणि तीच लहर तासन्‌तास चालते.

यात एक धडकी भरवणारी गोष्टही आहे. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा आयआर-26 हा वाण 1973 मध्ये तुडतुड्याला तोंड देणारा म्हणून आला. त्याची सारी मदार एकाच जनुकावर होती. काही वर्षांतच त्यावर पोसणारे तुडतुडे निपजले. एकच कुलूप, म्हणून एकच किल्ली पुरली. कर्जत तालुक्यात भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारं पाणी राजनाला कालव्याने शेतात येतं आणि उन्हाळी भातही होतं. जिथे वर्षातून दोनदा भात उभं राहतं, तिथे तुडतुड्याला दोन हंगाम अन्न मिळू शकतं. अशा ठिकाणी एका कुलपावर विसंबणं मला तरी धोक्याचं वाटतं.

अडचण आहे ती मोजणीची. रेघेची नोंद सेकंदाला शंभर वेळा होते. आठ तासांत एका तुडतुड्याचे 28 लाख 80 हजार आकडे! पूर्वी जाणकार माणूस डोळ्यांनी लहर अन् लहर ओळखून खूण करायचा. आता संगणकाचे प्रोग्राम लहरी ओळखायला मदत करतात. वाखेनिंगेनमध्येच 2015 मध्ये तारही वगळून पाहिली गेली. पानांच्या तुकड्यांवर मावा सोडला, वर कॅमेरा लावला, आणि कोणता मावा किती वेळ एका जागी थांबला याची नोंद संगणकाने एकाच वेळी अनेकांची घेतली. फार थोडा वेळ थांबला तर चाखून सोडलं, बराच वेळ बसला तर बहुधा पितोय.

तुडतुड्यासाठीही हे जमलं, तर कॅमेऱ्याने शेकडो रोपांतून मोजकी वेगळी काढायची आणि तेवढ्यांवरच्या तुडतुड्यांनाच सोन्याची तार लावायची. एका वाणावर तुडतुडा सुया आत सरकवतानाच अडतो, दुसऱ्यावर रसवाहिनीपर्यंत पोचून उपाशी परततो. दोन्ही टिकतात, पण रेघेवर दोघांचे नकार वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात, आणि वाण घडवणाऱ्याला मग ते दोन्ही एकाच भातात आणायचा प्रयत्न करता येतो.