कोलॅजेनचे जेल आणि चेन्नई

हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे जाळे. तापमान, आम्लता किंवा एन्झाइम बदलले की काही हायड्रोजेल फुगतात, आकसतात किंवा विरघळतात. त्यांना प्रतिसादी हायड्रोजेल म्हणतात. पीएनआयपीएएम हे त्यातले गाजलेले कृत्रिम उदाहरण: सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर ते पाणी सोडून आकसते.

निसर्गातले उदाहरण मात्र अधिक देखणे आहे. ते म्हणजे कोलॅजेन, त्वचा आणि स्नायुबंधातले प्रथिन. त्याची तिहेरी सर्पिल रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मद्रास विद्यापीठात १९५४-५५ मध्ये मांडली. जवळच १९४८ साली स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. चामडे म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच! पुढे या संस्थेत जखमांवरच्या कोलॅजेन पट्ट्यांवरही संशोधन झाले.

थंड, आम्लयुक्त द्रावणात कोलॅजेन विरघळलेले राहते. आम्ल उदासीन करून ते ३७ अंशांवर नेले, की रेणू आपोआप तंतूंमध्ये गुंफले जाऊन जेल बनते. म्हणूनच द्रावण सुईने टोचून शरीरातच जेल घडवता येते. पेशी त्यात शिरतात, कोलॅजिनेज एन्झाइम जाळे हळूहळू तोडते आणि आत अडकवलेले औषध सुटत जाते. हे जेल नाजूक असते, त्यामुळे रासायनिक आडबंधांनी ते बळकट करावे लागते. त्यासाठी वापरले जाणारे ग्लुटरअल्डिहाइड मात्र पेशींना विषारी ठरू शकते.