वेबसाईटचे शिक्षण : आधी पाया, मग कळस

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की बँकेच्या काउंटरवर पालक येतात. मुलाला पुण्याला वेबसाईट बनविण्याचा कोर्स करायचा आहे, कर्ज मिळेल काय, अशी विचारणा करतात. त्यांच्यासाठी व विद्यार्थ्यांसाठी हे चार शब्द.

वेबसाईटचे पान मुख्यतः तीन गोष्टींनी बनते. एचटीएमएल हा सांगाडा, सीएसएस हे रंगरूप. आणि बटण दाबल्यावर काय घडावे ते जावास्क्रिप्ट ठरविते. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये आली. या तिन्ही गोष्टी वापरायला फी लागत नाही. साधा संगणक, ब्राउझर आणि नोटपॅड पुरेसे आहे.

जाहिरातीत मात्र तयार साधनांची नावे ठळक असतात. नोकरीत ती लागतात, पण ती बदलत राहतात. गुगलचे अँग्युलरजेएस २०१० मध्ये आले आणि २०२१ अखेर त्याचे पाठबळ थांबले. ज्यांना जावास्क्रिप्ट पक्की येत होती, त्यांना नवे साधन जड गेले नाही. ज्यांनी केवळ साधनच पाठ केले होते, त्यांना पुन्हा श्रीगणेशा करावा लागला.

मी बँकेत लागलो तेव्हा जाड खातेवह्या होत्या. संगणक आला, वह्या गेल्या. नावे-जमेचा नियम मात्र तोच राहिला.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, वणी, पुसद, दारव्हा सोडण्यापूर्वी तीन महिने घरीच सराव करा. आपल्या मंडळाच्या वाचनालयाचे एक पान स्वतः तयार करा. ते जमले आणि त्यात मन रमले, तर खुशाल कर्जाचा अर्ज करा. तो घ्यायला मी काउंटरवर आहेच.