चिमूटभर राखेतली खाण

तेलंगणातल्या नेरडीगोंडा गावाच्या ईशान्येला चंद्रपूरचं 2920 मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र, तर पूर्वेकडे मंचेरियाल जिल्ह्यात जयपूरला सिंगरेणी कोळसा कंपनीचं 1200 मेगावॅटचं. दोन्हीकडे रात्रंदिवस कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात 30 ते 45 टक्के राख असते. अडीच टन कोळसा जाळला की साधारण टनभर राख उरते. ती पुढे विटांत जाते, सिमेंटमध्ये जाते, रस्त्यांच्या भरावात जाते.

राखेच्या विटा पाडणाऱ्या कारखान्यात कधी गेलात, तर चिमूटभर राख बोटांत चोळून पाहा. पिठासारखी मऊ लागेल. कारण तिचे बहुतेक कण म्हणजे काचेचे गोल मणी! कोळशातली माती भट्टीतल्या सुमारे 1400 अंशांच्या ज्वाळेत वितळते, तिचे थेंब होतात आणि धुराबरोबर वर जाता जाता थिजतात. आता लोहचुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून तो राखेतून फिरवा. काळे दाणे चिकटून येतात. त्यांत लोह असतं. राख पाण्यात टाकली तर काही मणी तरंगतात, कारण ते आतून पोकळ असतात.

या मण्यांत निम्म्याहून जास्त सिलिका आणि जवळपास चौथा हिस्सा ॲल्युमिना, म्हणजे ज्यापासून ॲल्युमिनियम काढतात ते द्रव्य. शिवाय टनामागे ग्रॅमांच्या मापात स्कँडियम, निओडिमियम, गॅलियम. गॅलियम तर 29.76 अंशांनाच वितळतो, तळहातावर ठेवला की त्याचं पाणी होतं. भट्टीत त्याची वाफ होते आणि धूर निवताना ती सर्वांत बारीक कणांवर बसते. म्हणून धुरातली राख पकडणाऱ्या विद्युत यंत्राच्या शेवटच्या कप्प्यात गॅलियम जास्त सापडतो.

हे धातू बाहेर काढायचे कसे? राख गरम हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळली की ॲल्युमिनियम आणि लोह विरघळतात, सिलिका तळाशी राहते. पुढची पायरी मला सर्वांत सुंदर वाटते. त्या द्रावणात हायड्रोजन क्लोराइड वायू सोडला की ॲल्युमिनियम क्लोराइडचे स्फटिक खाली बसतात, लोह मात्र द्रावणातच राहतं. स्फटिक तापवले की ॲल्युमिना हाती येतं आणि आम्लाची वाफ परत वापरता येते. राखेतलं आर्सेनिकही आम्लात उतरतं, तेव्हा सांडपाण्याची चोख व्यवस्था हवीच.

खरी अडचण म्युलाइटची. हजार अंशांच्या वर ॲल्युमिना आणि सिलिका मिळून हे कणखर खनिज बनतं. प्रयोगशाळेतल्या चिनी मातीच्या मुशीतही तेच असतं. आम्ल त्याला सहज खात नाही. चीनच्या इनर मंगोलियात जुंगार भागातल्या राखेत निम्म्याच्या आसपास ॲल्युमिना असतं, आणि तिथे काही भट्ट्या 850 अंशांच्या आसपास चालत असल्याने म्युलाइट फारसं बनत नाही. आम्लाची पद्धत शेनह्वा कंपनीने तिथल्याच राखेवर उभी केली, सोबत गॅलियमही काढला. आपल्या मोठ्या केंद्रांत कोळशाची भुकटी फार चढ्या तापमानाला जळते. त्यामुळे ही राख आधी सोड्यासारख्या क्षाराबरोबर भाजून घ्यावी लागते, आणि तिथेच खर्च वाढतो.

म्हणून ॲल्युमिनियमसाठी तूर्त बॉक्साइटच परवडतं. पण शेवटच्या कप्प्यातली बारीक राख प्रत्येक केंद्राने वेगळी साठवावी, तपासून घ्यावी. एकदा सिमेंटमध्ये मिसळली की त्यातला गॅलियम पुन्हा हाती लागत नाही.