दरडीसमोर उभं राहून

नोव्हेंबर 2017 चा पहिला पंधरवडा. दिल्लीवर धुरक्याचा असा थर बसला होता की शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने शहरात आरोग्य आणीबाणी असल्याचं जाहीर केलं. नेमक्या त्याच आठवड्यात, 6 ते 11 नोव्हेंबरला, विज्ञान भवनात जगभरातले भूरूपशास्त्रज्ञ जमले होते. डोंगर, दऱ्या, नद्या, किनारे, वाळवंटं आज दिसतात तशी का झाली आणि पुढे कशी होतील, याचा अभ्यास करणारी ही माणसं. हवामान जमिनीला कसं घडवतं आणि माणूस या दोघांमध्ये कशी ढवळाढवळ करतो, हा त्यांच्या चर्चेचा मोठा भाग होता. सभागृहाबाहेर पाऊल टाकलं की त्या ढवळाढवळीचा पुरावा थेट घशात उतरत होता.

ही होती नववी आंतरराष्ट्रीय भूरूपशास्त्र परिषद. साधारण चार वर्षांनी एकदा भरणारा हा मेळा टोकियोनंतर आशियात दुसऱ्यांदाच आला होता, आणि भारतात पहिल्यांदा. यजमानपद भारतीय भूरूपशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेकडे होतं. मराठी वर्तमानपत्रांत तिची फारशी दखल घेतली गेल्याचं मला आठवत नाही. ती घ्यायला हवी होती, कारण या शास्त्रातले काही चांगले वाद आपल्या घोड आणि कुकडी नद्यांच्या काठावर झडलेले आहेत.

परिषदेचा जन्म 1985 सालचा, इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा. तोवर या विषयाला स्वतःचं घर नव्हतं. ब्रिटनमध्ये आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी तो भूगोलाच्या विभागात शिकवला जाई, अमेरिकेत भूविज्ञानाच्या. दोन्हीकडच्या आंतरराष्ट्रीय संघटना वेगळ्या, नियतकालिकं वेगळी, भाषाही वेगळी. एकाच नदीवर काम करणारी दोन माणसं आयुष्यभर एकमेकांना न भेटता निवृत्त होऊ शकत. मँचेस्टरला ती एका छताखाली आली. चार वर्षांनी फ्रँकफर्टला जागतिक संघटना रीतसर स्थापन झाली आणि डेनिस ब्रन्सडेन हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. दरडी आणि भूस्खलनं हा त्यांचा अभ्यासविषय होता. पुढे हॅमिल्टन, बोलोन्या, टोकियो, झारागोझा, मेलबर्न, पॅरिस, मग दिल्ली. दहावी परिषद पोर्तुगालच्या कोइम्ब्रामध्ये व्हायची होती. करोनामुळे ती एक वर्ष पुढे गेली आणि सप्टेंबर 2022 मध्ये पार पडली.

अशा परिषदेचा बाह्य थाट सगळ्या वैज्ञानिक परिषदांसारखाच असतो: समांतर सत्रं, पंधरा-वीस मिनिटांची भाषणं, भिंतीवर टांगलेली पोस्टर्स आणि त्यांच्यापुढे चहाचा कप घेऊन उभे असलेले घाबरलेले पीएचडीचे विद्यार्थी. खरा जीव असतो तो क्षेत्रभेटींत. परिषदेच्या आधी, मध्ये आणि नंतर पंधरा-वीस जणांचे गट बसने किंवा जीपने निघतात आणि स्थानिक अभ्यासक त्यांना आपली जागा दाखवतात. नदीने कापलेल्या उभ्या दरडीसमोर सगळे थांबतात. कोणी कुदळीने थर खरवडून ताजा करतो, कोणी भिंगातून वाळूचे कण बघतो. आणि मग ज्याने दहा वर्षं त्या जागेवर काम केलं त्याला दुसऱ्या खंडातून आलेला माणूस विचारतो, हा थर पुरानेच आणला हे तुम्ही कशावरून म्हणता? वाऱ्याने का नाही?

हा प्रश्न छापील शोधनिबंधात कोणी इतका उघड विचारत नाही. निबंधात निष्कर्ष असतात, आलेख असतात. दरडीसमोर मात्र दोघांच्याही डोळ्यांपुढे तीच माती असते. माझ्या मते एवढा खर्च करून, विमानांचं इंधन जाळून माणसं एकत्र आणण्याचं समर्थन होऊ शकत असेल तर ते या उभं राहून होणाऱ्या भांडणांसाठीच.

असं भांडण कसं असतं याचं उदाहरण शोधायला परदेशी जायला नको. कुकडीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे अनेकांनी पाहिलेले असतात. त्याच कुकडीच्या काठावर वरच्या अंगाला जुन्नर तालुक्यात बोरी नावाचं गाव आहे. तिथल्या गाळात पांढुरक्या राखेचा एक थर आहे. दख्खनचे ज्वालामुखी थंडावून कोट्यवधी वर्षं लोटली, त्यामुळे ही राख इथली नव्हे, कुठून तरी दुरून आलेली. 1980 च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना या थराच्या संगतीत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली, आणि राखेचं वय हा एकदम महत्त्वाचा प्रश्न झाला. राखेचं वय कळलं तर महाराष्ट्रात माणूस कधीपासून वावरतो आहे याचा अंदाज बांधता येणार होता.

पहिल्या मोजणीने सांगितलं, सुमारे 14 लाख वर्षं. दुसऱ्या पद्धतीने आकडा आला 6 लाख 70 हजार. मग राखेतल्या काचेच्या कणांचं रसायन तपासणारे म्हणाले, ही तर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख, वय फार तर 75 हजार वर्षं. टोबाचा तो स्फोट पृथ्वीच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत प्रचंड स्फोट मानला जातो आणि त्याची राख भारतभर नदीकाठांवर सापडते. पण डेक्कन कॉलेजच्या गटाने माघार घेतली नाही. त्यांचं म्हणणं, वयाबरोबर हत्यारांची घडण आणि थरांचा क्रमही बघा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, नदी जुनी हत्यारं उचलून नव्या थरात आणून टाकू शकते. वाद मिटला असं आजही म्हणता येत नाही. मला या वादात विशेष वाटतं ते हे, की नुसत्या प्रयोगशाळेतल्या यंत्राने तो सुटत नाही. नदीने तो थर तिथे कसा आणला, पुन्हा किती वेळा उकरला, हे वाचता आलं पाहिजे. ते वाचणं म्हणजेच भूरूपशास्त्र. डेक्कन कॉलेजच्या शरद राजगुरूंनी पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना हे वाचन शिकवण्यात आयुष्य घालवलं.

वय मोजण्याच्या पद्धतींत या परिषदेच्या जन्मवर्षीच एक मोठी भर पडली. 1985 मध्ये कॅनडातल्या डेव्हिड हंटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वाळूच्या कणाने शेवटचा सूर्यप्रकाश कधी पाहिला हे मोजता येतं. क्वार्ट्‌झचा कण गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांची ऊर्जा त्यात साठत जाते. उन्हात आला की ती सारी निघून जाते आणि हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. म्हणून नमुना अंधारात, धातूच्या नळीत बंद करून काढायचा आणि प्रयोगशाळेत मंद लाल दिव्याखाली हाताळायचा. नेमका प्रकाश टाकला की कण साठवलेली ऊर्जा उजेडाच्या रूपाने सोडतो. तो उजेड मोजला की गाडलं गेल्याचा काळ काढता येतो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत अशोक सिंघवी यांनी प्रकाशदीप्तीच्या अशाच पद्धतींनी थरच्या वाळवंटातल्या टेकड्यांची वयं काढली. मोसमी पाऊस कधी बळावला, कधी मंदावला, याचा इतिहास त्यातून उलगडू लागला.

पावसाचा इतिहास नद्यांनीही लिहून ठेवलेला असतो. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले विश्वास काळे यांनी अमेरिकेतल्या व्हिक्टर बेकर आणि इतरांबरोबर नर्मदेच्या पुनासा घळईत केलेलं काम त्या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखं आहे. महापूर येतो तेव्हा मुख्य प्रवाह बेफाम असतो, पण बाजूच्या ओढ्यांच्या तोंडाशी, खडकाच्या आडोशाला पाणी तुंबतं आणि तिथे बारीक वाळू आणि गाळ बसतो. पूर ओसरला की त्या उंचीवर एक पातळ थर उरतो. पुढचा तितकाच मोठा पूर त्यावर दुसरा थर चढवतो. थरांमध्ये अडकलेल्या कोळशावरून काळ काढायचा आणि उंचीवरून पुराचं मान. नदीच्या सरकारी मोजणीच्या नोंदी काही दशकांच्या असतात, हे थर दीड हजार वर्षांहून मागे जातात. त्यांतून दिसलं ते असं, की मोठे पूर काळात सारखे विखुरलेले नसतात. काही शतकं त्यांचे घोळके येतात, काही शतकं शांत जातात. ज्या पुनासाच्या परिसरात हे काम झालं तिथे आता इंदिरासागर धरण उभं आहे. शंभर वर्षांतला सर्वांत मोठा पूर असा हिशेब धरून पूल आणि धरणं बांधणाऱ्यांनी तो हिशेब शांत शतकातल्या नोंदींवर केला आहे की घोळक्यातल्या, हे विचारायलाच हवं.

आता माणूस. शाळेच्या भूगोलात आपण नदीची युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था शिकलो. ती मांडणी अमेरिकन भूगोलतज्ज्ञ विल्यम मॉरिस डेव्हिस यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. सुंदर आणि सुबक मांडणी, पण तिच्यात नांगर नाही, धरण नाही, खाण नाही. डेव्हिसचाच समकालीन ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट मात्र 1917 मध्ये वेगळंच काहीतरी मोजत होता. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी पाण्याचे जोरदार फवारे मारून अख्खे डोंगरउतार धुऊन काढले गेले होते. त्यातला राडारोडा नद्यांत उतरला, पात्रं उंचावली, शेतं गाडली गेली, आणि 1884 मध्ये न्यायालयाने ही पद्धत जवळपास बंद पाडली. गिल्बर्टने हिशेब मांडला: पनामा कालव्यासाठी जेवढं खोदलं त्याच्या जवळजवळ आठपट माती सोन्याच्या मागे लागलेल्या माणसांनी हलवली. खाणी बंद झाल्यावरही तो गाळ दशकानुदशकं लाटेसारखा खाली सरकत राहिला. डोंगर धुणारी पिढी संपली तरी नदीचं काम चालूच होतं. या विषयातला इतका प्रामाणिक दस्तऐवज मला दुसरा माहीत नाही.

पुढे जेम्स सिव्हित्स्की आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये साऱ्या जगाचा हिशेब मांडला. शेती, जंगलतोड, बांधकामं यांनी नद्यांतला गाळ वर्षाला सुमारे 2.3 अब्ज टनांनी वाढवला आहे. तरीही समुद्राला पोचणारा गाळ सुमारे 1.4 अब्ज टनांनी कमी झाला आहे, कारण मधल्या मधे धरणं तो अडवतात. आधीच्या पन्नास वर्षांत धरणांमागे 100 अब्ज टनांहून जास्त गाळ साठला होता. म्हणजे डोंगर उघडे पडतात आणि त्रिभुज प्रदेश उपाशी राहतात, दोन्ही एकाच वेळी. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा आणि त्र्यंबकेश्वरची गोदावरी यांचे आंध्रातले त्रिभुज प्रदेश खचत चाललेल्यांच्या यादीत आहेत. त्यांचं कारण शोधत वर निघालं तर आपण कोयना आणि जायकवाडीपर्यंतही येऊन पोचतो.

मार्च 2024 मध्ये भूवैज्ञानिकांच्या समितीने मानवयुग हा स्वतंत्र भूवैज्ञानिक कालखंड मानण्याचा प्रस्ताव बहुमताने फेटाळला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तो सुरू झाला असं धरावं, अशी सूचना होती. मला तो निर्णय पटतो. माणसाने जमीन बदलायला सुरुवात केली ती कुठल्या एका वर्षी नव्हे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, कुकडी ज्या घोड नदीला मिळते तिच्याच काठी, तीन हजार वर्षांपूर्वी शेतकरी राहत होते. पाऊस मंदावला आणि ती वस्ती उतरणीला लागली, असं उत्खनन करणाऱ्या मधुकर ढवळीकरांचं मत होतं. हवामानाचा मार माणूस तेव्हाही खात होता आणि जमीनही बदलत होता. प्रमाण आणि वेग मात्र आजच्यासारखे नव्हते.

याच घोडच्या खोऱ्यात, वरच्या टोकाला, डिंभे धरणाच्या पाणलोटात माळीण आहे. 30 जुलै 2014 च्या पहाटे डोंगर खाली आला आणि सुमारे दीडशे माणसं गाडली गेली. सतत कोसळणारा पाऊस हे तात्कालिक कारण होतंच. उतारावर पडकईसाठी झालेल्या सपाटीकरणाकडेही बोट दाखवलं गेलं. पडकई म्हणजे भातखाचरांसाठी उतार कापून सपाट करणं, ही त्या भागातली जुनी रीत. हाताने केली तर एक, यंत्र लावून घाईने केली तर दुसरी. कुठल्या उतारावर किती काप सोसेल हे सांगणारं शास्त्र अस्तित्वात आहे. ते माळीणच्या ग्रामसभेत कधी पोचलं नव्हतं. त्यानंतर 2021 मध्ये तळीये, 2023 मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली. केरळात वायनाडची दरड कोसळली तीही 30 जुलैलाच, 2024 मध्ये. पुनर्वसनासाठी बांधलेल्या नव्या माळीणमध्ये 2017 च्या पहिल्याच मोठ्या पावसात रस्ते आणि भराव खचल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी दिल्लीत जगातले उतारांचे जाणकार एकत्र बसले होते. या दोन गोष्टींमध्ये अंतर पडतं ते मला अस्वस्थ करतं. शास्त्रज्ञांची निष्ठा कमी पडते असं मी म्हणणार नाही. त्यांचे नकाशे इंग्रजी निबंधांत राहतात आणि तालुक्याला दरडप्रवण गावांची यादी पोचते ती बहुतेकदा दुर्घटना घडून गेल्यावर.

हे वेगळ्या रीतीनेही होऊ शकतं. परिषदेची अकरावी खेप फेब्रुवारी 2026 साठी न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला ठरली. त्या शहराने 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात 185 माणसं गमावली. एव्हॉन नदीकाठची भिजलेली वाळू हादऱ्याने पातळ होऊन घरांखालून वर उसळली. मग जमिनीचा अभ्यास करून सरकारने ठरवलं की काही भागांत पुन्हा घरं बांधू द्यायचीच नाहीत. शहर आणि परिसरातल्या सुमारे 8 हजार घरांना खरेदीचा प्रस्ताव दिला गेला आणि नदीकाठ मोकळा झाला. लोकांना ते सुखाने पटलं नाही, भरपाईवरून खटले झाले. तरी जमिनीच्या नकाशावरून अख्ख्या वस्त्यांचा निर्णय झाला आणि तो अमलात आला.

या परिषदेची एक थोरली बहीण आहे. गेल्या सुमारे 26 लाख वर्षांचं हवामान, भूरूपं आणि माणूस यांचा अभ्यास करणाऱ्यांची संघटना, 1928 मध्ये कोपनहेगनला स्थापन झालेली. तिचं महाअधिवेशन 2027 साठी लखनौला ठरलं आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या भूगोल आणि भूविज्ञान विभागांतल्या मुलांना त्यासाठी व्हिसा लागणार नाही. मुंबईहून पुष्पक एक्सप्रेस रोज जाते. आंबेगाव, महाड, खालापूर या दरडग्रस्त तालुक्यांतल्या उतारांची मोजमापं घेतलेला एखादा विद्यार्थी तिथे पोस्टरपुढे उभा राहिला, तर जगातल्या जाणकारांचे कठीण प्रश्न त्याला ऐकावे लागतील. परतल्यावर तेच पोस्टर मराठीत करून त्याने पंचायत समितीच्या भिंतीवर लावलं, तर तिथलेही.